जुन्या फोनांचं टेबल

सोमवार, ४

दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीत माणसं आली, तीही एकदम तीन. आधी फोनवाली, म्हणजे तक्रारींचे फोन घेते ती. मग मालक. आणि त्यांच्या खांद्यामागून डोकावणारे आमचे गुणी बाळ. खोलीत खुर्ची एकच. तिच्यावर मी बसले होते आणि उठले नाही.

झालंय असं, की आमच्या फोटोंच्या ॲपचं नवं रूप शुक्रवारी सगळ्यांच्या फोनवर गेलं. नव्या फोनवर झकास चालतंय. पण पाच-सहा वर्षं जुन्या फोनवर ते उघडलं की दोन सेकंदांत बंद पडतं. काही फोन तर स्वतःच मान टाकतात आणि पुन्हा सुरू होतात. फोनवालीच्या रजिस्टरमध्ये आज दुपारपर्यंत एकसष्ट तक्रारी.

"जुने फोन तुमच्याकडेच असतात ना?" मालक म्हणाले. मी भंगार गोळा करते अशा सुरात.

"असतात. एकोणीस."

"मग शोधा काय ते. एकोणीस तारखेला पाहुणे येताहेत." पाहुणे म्हणजे फोन बनवणारी एक मोठी कंपनी. विकायच्या प्रत्येक फोनमध्ये आमचं ॲप आधीच घालून द्यायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार आहे.

गुणीचा चेहरा उतरला होता. मला फार बरं वाटलं.

या वहीत कधी ना कधी लिहायचंच होतं, आजच लिहून टाकते. एका माणसाने टाकलेला फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आपोआप कसा पोचावा, हे काम माझं. अकरा महिने खपून केलेलं. मग आई आजारी पडली आणि मी चार महिने रजेवर गेले. आई गेली. मी परत आले, तर तिसऱ्या दिवशी मोठा समारंभ होता. व्यासपीठावर गुणी उभा. माझं काम त्याने छान समजावून सांगितलं, बक्षीस घेतलं, हार घेतला. माझं नाव त्याच्या तोंडून आलं नाही. मी सातव्या रांगेत होते. त्याला पहिल्या दिवसापासून हाताला धरून मी शिकवलेलं. महिन्याभरात तो विभागप्रमुख झाला आणि मला ही खोली मिळाली. खिडकीसमोर भिंत आणि टेबलावर म्हातारे फोन. 'गुणी बाळ' हे नाव मालकांनीच लाडाने ठेवलेलं. आता सगळं ऑफिस म्हणतं. मी जरा वेगळ्या सुरात म्हणते, एवढंच.

मी भांडले नाही. मी वाट बघणारी बाई आहे.

मंगळवार, ५

दिवसभर फोन चार्ज करून एकेकावर ॲप उघडत बसले. एकोणीसपैकी चौदा पडले. सहा नंबरचा तर हातात चुलीसारखा तापला आणि बंद झाला. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

संध्याकाळी गुणी आला. "काही सापडलं का मॅडम?"

"एवढ्यात कुठलं?"

"माझी काही मदत?"

म्हटलं, दाराशी उभा राहून उजेड अडवू नकोस. तो बाजूला झाला. अजूनही म्हटलेलं ऐकतो.

बुधवार, ६

सापडलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी.

नव्या रूपात वरच्या बाजूला 'आठवणी' नावाचा पट्टा आहे. ॲप उघडलं की आमच्याकडून बारा जुने फोटो आपोआप फोनवर जातात. पूर्वी फोनची ताकद बघून लहान आकाराचे फोटो पाठवले जायचे. ती तपासणी मी लिहिली होती. आता ती नाही. बाराही फोटो पूर्ण आकारात एकदम जातात. जुन्या फोनच्या डोक्यात तेवढी जागाच नसते, म्हणून तो कोसळतो.

तपासणी कोणी काढली, ते नोंदीत बघितलं. गुणीने. शेजारी त्याची टीप: 'आता गरज नसावी.'

नसावी.

मी दार लोटलं आणि पाच मिनिटं नुसती हसत बसले. दोन वर्षं मी याचीच वाट पाहत होते आणि हा ठोंब्या स्वतःच्या हाताने मला दोर देऊन गेला. दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. अर्ध्या तासात मी त्याला वाचवू शकते. वाचवणार नाही. एकोणीस तारखेला, पाहुण्यांसमोर, मालकांसमोर, सहा नंबरचा फोन हातात घेऊन मी उभी राहीन. फोन कोसळेल. मग मी ती नोंद पडद्यावर दाखवीन. तोही पहिल्या रांगेत असेल, मी होते तशी सातव्या नाही.

एक बारीकसा खडा लागला. दोन महिन्यांपूर्वीचा त्याचा मला एक निरोप दिसला: 'मॅडम, ही तपासणी काढतोय. जुन्या फोनांवर एकदा बघून घ्याल का?' त्याच्याखाली मी वाचल्याची खूण आहे. मला तो वाचल्याचं आठवत नाही. त्याचे निरोप मी उघडते आणि मिटते. आणि समजा वाचला असेल, तरी विभागप्रमुख कोण आहे?

संध्याकाळी आला. "काही सापडलं का?"

"नाही."

शुक्रवार, ८

तक्रारी चारशेच्या वर. मालक जिन्यातून जाताना कोणाकडे बघत नाहीत. गुणीच्या शर्टाला आज इस्त्री नव्हती. रोज सहा वाजता फोनवालीचं रजिस्टर घेऊन बसतो आणि पहिल्या पानापासून एकेक तक्रार वाचतो. वाच म्हणावं. पाठ कर.

मी टेबलावर दिखाव्यापुरते फोन मांडून ठेवते आणि कागदांवर काहीबाही आकडे लिहिते. आता तपासायचं काय? सहा नंबरचा फोन बंद करून खणात कुलपात ठेवलाय. एकोणीसपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही.

घरी जेवताना नवरा म्हणाला, "हल्ली खुशीत दिसतेस." तो दंतवैद्याच्या कार्यशाळेत कवळ्या बनवतो. माणसाच्या जबड्यावरून स्वभाव ओळखतो असा त्याचा दावा आहे. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने घास संपवला.

"त्या पोराचं नाक कापायला हे दोन आठवडे लोकांचे फोन बंद ठेवायचे?"

"मी नाही ठेवले. त्याने ठेवलेत."

"परवापर्यंत त्याने ठेवले होते," तो म्हणाला. "आणि झोपेत दात खाऊ नकोस. तुझी कवळी मलाच करावी लागेल."

त्याला ऑफिस म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्या कामात फक्त साचे असतात.

सोमवार, ११

फोनवालीने एक फोन माझ्याकडे वळवला. "या बाई ऐकतच नाहीत. जुन्या फोनांच्या माणसाशीच बोलायचंय म्हणतात."

बाईंचा आवाज साठीच्या पुढचा. घाई नाही, रागही नाही. त्यांच्या नवऱ्याला साखरेचा त्रास आहे आणि पायाला जखम झालीय. मुलगी दुसऱ्या गावी रुग्णालयात परिचारिका आहे. बाई रोज मलमपट्टी करताना जखमेचा फोटो काढून आमच्या ॲपवर टाकायच्या. मुलगी तो बघून सांगायची, आज ठीक आहे, उद्या ते दुसरं मलम लावा. दहा दिवस झाले, ॲप उघडलं की फोनच बंद पडतो.

"तुम्हीच बघून तिला सांगा ना, जखम कशी दिसते," मी म्हटलं.

"मला दिसतं कुठे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फोटोचं बटण कुठे आहे ते बोटाला माहीत आहे, म्हणून दाबते. मुलीने एवढंच शिकवलं. दुसरं काही करायला गेले तर हेही जाईल."

मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत. तसंच म्हणायला आम्हाला सांगितलंय.

"हो का? बरं," बाई म्हणाल्या. "तुम्हीही दमत असाल."

अशी माणसं मला आवडत नाहीत. भांडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १२

सकाळपासून कशात लक्ष नव्हतं. अकराच्या सुमारास जिन्यात जाऊन त्या बाईंना माझ्या फोनवरून फोन लावला.

त्यांना एकेक करून सांगितलं. आधी इंटरनेट बंद करा. मग ॲप उघडा, म्हणजे आमच्याकडून काही येणारच नाही आणि ते पडणार नाही. मग 'आठवणी' बंद करा. मग इंटरनेट पुन्हा सुरू. प्रत्येक बटणाचं नाव नाही, जागा सांगावी लागली: वरच्या उजव्या कोपऱ्यात, तिथून दोन बोटं खाली. पंचवीस मिनिटं गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "उघडलं. राहिलंय." आणि मग, "देव तुमचं भलं करो, ताई."

एका माणसाला सांगितल्याने माझा बेत बिघडत नाही. बाकीच्यांसाठी एकोणीस तारीख आहेच.

जेवणानंतर फोनवाली म्हणाली, की त्या बाईंनी मुद्दाम फोन करून आभार मानले आणि तिने ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवले. बाईंनी काय काय बटणं दाबली तेसुद्धा. तिला काय, ती सगळंच लिहिते. मागे एका माणसाच्या कुत्र्याचं नावही लिहिलं होतं.

बुधवार, १३

गुणी आज सकाळीच आला. नेहमी संध्याकाळी येतो. दार लावून घेतलं. खुर्ची नाही म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला.

"काही सापडलं का मॅडम?"

"नाही."

"नक्की?"

"सापडलं असतं तर सांगितलं नसतं का?"

त्याने टेबलावरचा एक फोन उचलला, पुसला, ठेवला. "तुम्ही मला पहिल्या आठवड्यात काय सांगितलं होतं, आठवतं? चूक सापडली की आधी ओरडून सगळ्यांना सांगायची, मग कोणाची ते बघायचं."

"म्हटलं असेल."

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

धीर सुटत चाललाय त्याचा. जुन्या गोष्टी काढून मला पाझर फोडायला बघतो. तो पाझर आटून दोन वर्षं झाली.

गुरुवार, १४

तक्रारी एकदम कमी झाल्या. काल एकशेदहा, आज नऊ. लोक कंटाळून दुसरं काहीतरी वापरायला लागले असणार. जरा धाकधूक वाटली, की पाहुणे यायच्या आत सगळं थंडच पडतं की काय. पण फोन कोसळायला तक्रारी लागत नाहीत.

शुक्रवार, १५

त्या बाईंचा फोन. नवऱ्याला रुग्णालयात नेलं. परवा मुलीने फोटो बघितला आणि तिथून किंचाळलीच म्हणे, ताबडतोब न्या. जखम आतून पसरली होती. काल पायाचं एक बोट काढलं. उरलेला पाय वाचेल.

"तुमच्यामुळे पाय वाचला, ताई," बाई म्हणाल्या. "मुलगी म्हणत होती, फोटो आठवडाभर आधी दिसला असता तर बोटही राहिलं असतं. पण ते आता बोलून काय? तुम्हाला सापडल्याबरोबर तुम्ही सांगितलंत."

मी म्हटलं, काळजी घ्या.

आठवडाभर आधी वगैरे डॉक्टर-परिचारिका म्हणतच असतात. मी दिवस मोजत बसले नाही. तपासणी ज्याने काढली त्याने मोजावेत. एकोणीस तारखेला हे बोटही मी पाहुण्यांसमोर मांडणार आहे. आता ही फक्त माझी गोष्ट राहिली नाही.

सोमवार, १८

सगळं तयार आहे. नोंद छापून घेतली, त्याच्या टिपेखाली लाल रेघ मारली. त्याने तो दोन महिन्यांपूर्वीचा निरोप काढलाच, तर काय म्हणायचं तेही ठरवलं: शेकडो निरोप येतात, विभागप्रमुखाने स्वतः येऊन सांगायला हवं होतं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा बरं जमलं.

नवरा कपडे वाळत घालत होता. त्याने ऐकलं असावं. माझ्या हातातला कागद बघून चिमटे जरा जोरात लावायला लागला.

मंगळवार, १९

जसं झालं तसं लिहिते.

लांब टेबल. पाहुणे पाच. मालकांच्या कपाळाला घाम. गुणी उठून बोलायला लागणार एवढ्यात मी उभी राहिले. म्हटलं, आधी मला दोन मिनिटं हवीत. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू एखादं कपाट बोललं.

सहा नंबरचा फोन सुरू केला. त्याचं चित्र मोठ्या पडद्यावर लावलं. म्हटलं, आमच्या हजारो ग्राहकांच्या हातात असे फोन आहेत, त्यांचं काय होतं ते बघा. आणि ॲप उघडलं.

ते उघडलं. आणि उघडंच राहिलं. आठवणींचा पट्टा नव्हताच. साधं, जुन्या वळणाचं पहिलं पान आलं आणि शांत बसलं. मी बंद करून पुन्हा उघडलं. तेच. सगळे पडद्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. माझ्या दुसऱ्या हातात तो लाल रेघेचा कागद होता.

तेव्हा गुणी बोलला. "मॅडमना हेच दाखवायचंय. जुने फोन कोसळत होते. आता कोसळत नाहीत." मग तो पाहुण्यांकडे वळला. म्हणाला, फोनची ताकद बघणारी तपासणी मी काढली, चूक माझी. आठवणींच्या पट्ट्यामुळे हे होतंय, हे मॅडमनी शोधलं. ते कळल्याबरोबर जुन्या फोनांना पट्टा पाठवणं तेरा तारखेला इथूनच बंद केलं. पूर्ण दुरुस्ती त्या करतील, कारण मूळ तपासणी त्यांचीच आहे. "आणि फोटो सगळ्यांकडे पोचवायचं जे काम तुम्हाला आवडलं, तेही यांचंच आहे. माझं नाही."

त्याने तो निरोप काढला नाही. त्याच्यासाठी मी एवढं तयार होऊन गेले होते.

पाहुण्यांतल्या एका बाईने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. मी कागदाची घडी घालून घालून सुपारीएवढी केली.

इतका संताप मला समारंभाच्या दिवशीही आला नव्हता. माझ्या हातातलं काढून घेतलं त्याने. पुन्हा.

गुरुवार, २१

पाहुण्यांनी होकार दिला. मालकांनी गुणीला काढलं, म्हणजे त्याने राजीनामा दिला आणि यांनी तो धावत जाऊन घेतला. विभागप्रमुख मी. सोमवारपासून मोठी खोली.

तो खोक्यात सामान भरत होता. मी दाराशी गेले. मला वाटतं, मला त्याला रडताना बघायचं होतं. तो तारा गुंडाळत होता.

"कधीपासून माहीत होतं तुला?" मी विचारलं.

"बारा तारखेपासून. रजिस्टरमध्ये त्या बाईंची नोंद होती. कारण माहीत असल्याशिवाय ती बटणं कोणी सांगणार नाही." त्याने तारेला गाठ मारली. "त्याच संध्याकाळी फोनवालीला म्हटलं, आता येईल त्या प्रत्येकाला हेच सांगा. सकाळी तुमच्याकडे आलो. मला वाटलं, तुम्ही सांगाल."

"आणि तू? तू बोलला होतास व्यासपीठावर?"

"नाही." तो बसला. "भाषणाच्या कागदावर तुमचं नाव होतं. मालकांनी रेघ मारली. म्हणाले, रजेवरच्या माणसाचं नाव घेऊन लोकांना गोंधळात कशाला टाकायचं? मी नाही घेतलं. घेता आलं असतं. तुम्ही सातव्या रांगेत होतात, मला दिसत होतात."

दोन वर्षं मी हे ऐकायची वाट पाहत होते. ऐकलं, आणि काहीच झालं नाही.

"तुम्हाला कधी सापडलं?" त्याने विचारलं. "बारालाच?"

"हो," मी म्हटलं. "बारालाच. सकाळी."

त्याने मान हलवली. खोकं उचललं. मी दार धरलं.

आता सहा तारखेची गोष्ट फक्त या वहीला माहीत आहे, आणि नवऱ्याला. तो कोणाला सांगणार नाही. मला तर मुळीच नाही.

शनिवार, २३

आज सुट्टी. सकाळी मालकांचा निरोप आला: त्या बाईंचं आभाराचं पत्र आलंय, छान आहे, मोठं करून दर्शनी भिंतीवर लावू. सोबत पत्राचा फोटो. अक्षर मुलीचं असावं. 'तुमच्या कचेरीतल्या ताईंनी आपल्या माणसासारखी धावपळ केली.'

मी स्वयंपाकघरात उभी राहून तीनदा वाचलं. नवरा नळाची चकती बदलत होता. म्हटलं, मी जरा एक फोन करून येते. तो ओट्याखालूनच म्हणाला, "कर."

बाईंनीच उचलला. आवाज ओळखला. हे घरी आलेत म्हणाल्या, काठीने चार पावलं चालतात, चिडचिड करतात, म्हणजे बरे आहेत.

मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय. तुमचा फोन का बंद पडतो ते मला बारा तारखेला नाही कळलं. सहा तारखेला कळलं होतं."

तिकडे मागे कोणीतरी खुर्ची सरकवत होतं.

"सहा," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग मी अकराला फोन केला, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

या वहीची चाळीस पानं त्याच्या उत्तराने भरलीत. व्यासपीठ, हार, सातवी रांग, भिंतीकडे बघणारी खिडकी. त्यातलं एकही वाक्य त्या बाईंना सांगता येईना. मी फोन कानाला धरून नुसती उभी राहिले. त्याही थांबल्या. मला वाटतं, मी काहीतरी म्हणावं म्हणून त्यांनी मला पुरेसा वेळ दिला.

मग म्हणाल्या, "ठेवते. यांची पट्टी बदलायची वेळ झाली."